वैशाखात भरलं, श्रावणात उघडलं

वऱ्हाडात प्लॅस्टिकच्या पिशवीला कुणी पिशवी म्हणत नाही. ती पन्नी. भाजी पन्नीत, दही पन्नीत, लग्नातली उरलेली बुंदीही पन्नीत. हिंदीतून आलेल्या या शब्दाचा मूळ अर्थ मात्र निराळा आहे. कथिलाचा किंवा पितळेचा कागदासारखा पातळ, चकचकीत पत्रा म्हणजे पन्नी. सजावटीला लावायची वस्तू. पुढे पत्रा गेला, चकाकी गेली आणि शब्द पॉलिथीनला येऊन चिकटला. गंमत अशी, की आज मिरचीपुडीसाठी चांगलं वेष्टन शोधायला निघालेला माणूस फिरून फिरून धातूच्या त्या पातळ मुलाम्यापाशीच पोचतो.

आधी हवामान, कारण इथला वेष्टनाचा सगळा घोळ तिथूनच सुरू होतो. फाल्गुन सरत आला की अकोला-अमरावतीच्या गच्च्यांवर वाळवणं दिसू लागतात. कुरडया, सरगुंडे, मुगवड्या, ज्वारीचे धापोडे. खाली ओसरीत मिरचीची देठं खुडणं चाललेलं असतं आणि कांडप केंद्राच्या दारात शिंकांची रांग. वैशाखात पारा पंचेचाळिशीला टेकतो. हवा इतकी कोरडी, की सकाळी घातलेली कुरडई संध्याकाळी हातात घेतली तर वाजते. या हवेत काहीही कशातही भरा, टिकतं. पातळ पन्नीचं तोंड मेणबत्तीवर चिकटवलं तरी टिकतं. मग जून उलटता उलटता पाऊस येतो, आणि ऑगस्टमध्ये हवेतली आर्द्रता ऐंशी टक्क्यांच्या वर जाऊन बसते.

म्हणजे इथला गृहउद्योग आपला पाऊच वर्षातल्या सगळ्यात सोप्या महिन्यात पारखून घेतो आणि त्याची परीक्षा होते सगळ्यात अवघड महिन्यात. मे महिन्यात कुठल्याच पाऊचमध्ये खोट सापडत नाही.

दर्यापूरकडच्या एका गावात बायकांचा बचत गट आहे. मिरचीपूड, हळद, काळा मसाला आणि उन्हाळी वाळवणं हा त्यांचा धंदा. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात गेलो, तेव्हा नवे पाऊच नुकतेच येऊन पडले होते. बाहेरून खाकी कागद, मधोमध आंब्याच्या आकाराची पारदर्शक खिडकी, तिच्यातून लालभडक पूड डोकावते आहे. देखणं काम होतं, खोटं कशाला बोलू. मी खिडकीबद्दल शंका काढली, तशा गटाच्या अध्यक्षबाई म्हणाल्या, "दिसलं पायजे न भाऊ! दिसलं नाई तर कोन घेईन?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मिरची बघून घ्यायची असते हे आपल्याला आईने शिकवलेलं आहे आणि ते चुकीचं नाही.

ऑगस्टच्या अखेरीस परत गेलो. शहरातल्या एका दुकानदाराने काचेच्या कपाटात न खपलेले चाळीसेक पाऊच परत पाठवले होते. अध्यक्षबाईंनी एक पाऊच कात्रीने उभा कापला आणि ताटात उपडा केला. पूड सांडलीच नाही. सरकीच्या ढेपेसारखा पाऊचच्या आकाराचा गठ्ठा ताटात उभा राहिला आणि त्याच्या पोटावर विटकरी रंगाचा एक आंबा उमटलेला होता. खिडकीच्या काठाबरहुकूम. काठाबाहेरची पूड अजून बरीच लाल होती. नखाने खरवडून पाहिलं, तर दोन-तीन मिलिमीटर आत पुन्हा लाल रंग लागला. "घ्या," बाई म्हणाल्या, "खिडकीनंच खाल्ली मिरची."

ती ढेप जपून ठेवायला हवी होती. कारण एका ताटात दोन वेगळे गुन्हे आणि दोन्हींचे ठसे होते. फिकं पडणं हे उजेडाचं काम, ढेप होणं हे पाण्याचं.

उजेडाचं आधी सांगतो, ते सोपं आहे. मिरचीचा लाल रंग कॅरोटिनॉइड जातीचा, त्यात कॅप्सँथिन मुख्य. उजेड आणि प्राणवायू दोघे मिळून त्याचा रेणू तोडतात. अख्ख्या मिरचीत साल काही प्रमाणात आतल्या रंगाला राखते. पूड केली की कणाकणाचा पृष्ठभाग उघडा पडतो आणि राखण संपते. तिखटपणा कॅप्सेसिनचा, तो बराच चिवट. म्हणून विटलेली मिरचीही जवळजवळ तेवढीच झोंबते; पण हे काउंटरपलीकडच्या गिऱ्हाइकाला कोण पटवणार? हळदीच्या कर्क्युमिनलाही उजेड सोसत नाही. तेव्हा मिरची आणि हळद यांच्या पाऊचला समोर मोठी खिडकी ठेवणं म्हणजे जो माल दाखवायचा तोच दाखवता दाखवता बिघडवणं. पुढच्या खेपेला गटाने खिडकी काढली आणि दुकानदाराकडे एक छोटी काचेची बाटली नमुना म्हणून ठेवली, महिन्याला बदलायची. दिसायला पाहिजे होतं, ते बाटलीत दिसलं.

पाण्याचं प्रकरण जरा खोल आहे. 'हवाबंद' हा शब्द आपण फार सैल हाताने वापरतो. प्लॅस्टिक डोळ्याला अखंड दिसतं, पण पाण्याच्या वाफेला त्यातून वाट सापडते; कुठे रुंद, कुठे अरुंद. हिशेबच करून पाहू. बाजारात 100 गेज म्हणून मिळते ती पॉलिथीन 25 मायक्रॉन जाड असते. (व्यापारी गेजमध्ये बोलतो, सरकारी नियम मायक्रॉनमध्ये. गेजला चाराने भागलं की झालं.) प्रयोगशाळेत 38 अंश तापमान आणि 90 टक्के आर्द्रता ठेवून मोजलं, तर अशा पॉलिथीनच्या एका चौरस मीटरमधून दिवसाला साधारण 15 ते 20 ग्रॅम पाणी वाफेच्या रूपाने आरपार जातं. 200 ग्रॅम पुडीचा पाऊच 15 बाय 20 सेंटिमीटरचा धरा. दोन्ही बाजू मिळून 0.06 चौरस मीटर. म्हणजे दिवसाला एक ग्रॅम. आपल्या कपाटातली हवा इतकी वाईट नसते, शिवाय पूड ओलावत जाते तसा तिचा पाणी ओढण्याचा जोरही कमी होतो, त्यामुळे घरात हा वेग कितीतरी मंदावतो. पण बिघडायला पाणी तरी किती लागतं? मिरचीपुडीत 11 टक्क्यांहून जास्त ओल नसावी, असा अन्नसुरक्षेचा नियम आहे. 8 टक्के ओल असताना भरलेली 200 ग्रॅम पूड 11 टक्क्यांवर जायला फक्त सहा-सात ग्रॅम पाणी पुरतं. चहाचा सव्वा चमचा. मृगापासून पोळ्यापर्यंतच्या अडीच-तीन महिन्यांत तेवढं पाणी चोरपावलांनी आत जातंच.

आणि गटाच्या पाऊचमध्ये तर खाकी कागदाच्या आत जेमतेम तेवढीच पातळ पॉलिथीन होती. ज्याने विकले त्याने "डबल लेयर आहे ताई" एवढंच सांगितलं होतं, आणि ते खोटंही नव्हतं. कागद हा थर म्हणून मोजायचाच नसतो. तो पोशाख. हल्ली 'गावाकडचं', 'देशी', 'घरगुती' असं काही सुचवायचं असलं की खाकी कागद आणि सुतळीची गाठ येते. हौस म्हणून ठीक आहे. पण वाफ अडवण्याच्या बाबतीत कागद आणि मच्छरदाणी यांत फारसा फरक नाही.

मग एकच जाड प्लॅस्टिक का घेऊ नये? कारण प्रत्येक प्लॅस्टिकचा स्वभाव वेगळा, आणि कुठल्याही एकाला सगळं जमत नाही. पॉलिथीन उष्णतेने वितळून स्वतःलाच चिकटते, म्हणून ती सगळ्यात आत हवी. पण प्राणवायू आणि वास यांना ती जवळजवळ मोकळं सोडते. बीओपीपी, म्हणजे बिस्किटाच्या पुड्यावरचं ते कुरकुर वाजणारं प्लॅस्टिक, पाण्याची वाफ चांगली अडवतं, प्राणवायू नाही. पॉलिएस्टर, ज्याला बाजारात नुसतं 'पेट' म्हणतात, त्याचं उलट: ताणाला मजबूत, छपाईला सुरेख, प्राणवायू आणि वास बऱ्यापैकी धरून ठेवणारं, पण वाफेपुढे जरा नरम. आता या पेटच्या फिल्मवर निर्वात कोठीत ॲल्युमिनियमची वाफ बसवली की होतं 'मेटपेट'. ॲल्युमिनियमचा हा थर मायक्रॉनच्या विसाव्या भागाहूनही पातळ असतो, आणि तरी वाफ, प्राणवायू, उजेड या तिघांनाही तो दारातच थोपवतो. मघाचा दिवसाचा एक ग्रॅम इथे त्याच्या विसाव्या हिश्शाच्या आसपास उतरतो. पन्नी पुन्हा पन्नी झाली ती अशी.

म्हणून पाऊच मागवताना कोटेशनवर तीन आकडे लिहून मागावेत. "12 मायक्रॉन पेट, 12 मेटपेट, आत 60 पॉली" असं काहीतरी. आकडे न देता नुसती 'हेवी क्वालिटी' सांगणाऱ्याकडून माल घेऊ नये, मग तो कितीही गोड बोलो. खऱ्या ॲल्युमिनियम फॉइलचा थरही मिळतो आणि तो सपाट असेपर्यंत मेटपेटहून भक्कम असतो; पण घडी पडली, पाऊच चुरगळला की फॉइलला सुईच्या टोकाएवढी भोकं पडतात. तळाला घडी घालून उभा राहणारा पाऊच घ्यायचा असेल तर ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी. तो उभा पाऊच, आपल्याकडच्या बाजारातला 'स्टँडी', फ्रान्समध्ये 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला लुई दोयां यांनी शोधला, म्हणून त्याला जगभर 'डॉयपॅक' म्हणतात. त्यांच्या कंपनीचं नाव थिमॉनिए. हे नाव शिलाई यंत्राच्या आद्य शोधकर्त्यांपैकी एकाचं. कापड शिवणाऱ्यांचे वारसदार पुढे प्लॅस्टिक शिवू लागले, फक्त सुईऐवजी उष्णतेने.

एवढं वाचून सगळ्याच वस्तू मेटपेटमध्ये भरायला घेऊ नका. उडदाचा पापड घ्या. त्याला वाळवतात, पण कडक करत नाहीत. चकती किंचित लवचीक राहावी एवढी ओल त्यात ठेवावी लागते, नाहीतर तो भाजण्याआधीच तडकतो. म्हणजे पापडाचं वेष्टन वैशाखात ओल बाहेर जाऊ देऊ नये म्हणून आणि श्रावणात आत येऊ देऊ नये म्हणून, अशा दोन तोंडी कामाचं. त्याला उजेडाची मिरचीइतकी भीती नाही, वास सांभाळायचा तोही बेताचा. 15 मार्च 1959 रोजी मुंबईत गिरगावातल्या सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन सुरू केलेला लिज्जत पापड साध्या पारदर्शक पॉलिथीनच्या पाकिटातून घराघरांत गेला, आणि ती निवड मालाला धरूनच होती. कुरडईचं दुखणं तर ओल हेसुद्धा नाही, चुरा हे आहे. तिला मऊ पाऊच नको, खोका हवा. किंवा पाऊचच भरायचा तर मोठा, हवा राखून, आणि पेटीत उभा रचलेला. मी वऱ्हाडातून पुण्याला आलेल्या कुरडया पाहिल्या आहेत. त्यांची खीर करता आली असती.

डाळीचा मामला वेगळा, आणि त्यासाठी अकोल्याला जायला हवं. तुरीच्या डाळीचं हे मोठं केंद्र. इथल्या गिरण्यांत आजही 'फटका' आणि 'सव्वा नंबर' या शब्दांतच डाळीची प्रत बोलली जाते. 1969 मध्ये अकोल्यात स्थापन झालेल्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने लहान शेतकऱ्यांसाठी आणि गटांसाठी मिनी डाळ मिल तयार केली, तेव्हा डाळ गावातच भरडून, गावातच भरून विकायचा रस्ता उघडला आणि त्यासोबत पाऊचचा प्रश्नही गावात आला. मोठ्या गिरणीला तो तितका नसतो. तिचा माल कट्ट्यातून जातो. (कट्ट्याचीही एक गोष्ट आहे. 18 जुलै 2022 पासून 25 किलोपर्यंतच्या, लेबल लावलेल्या बांधीव धान्य-डाळींवर 5 टक्के जीएसटी आला आणि बाजारात लगोलग 26 किलोचं पोतं अवतरलं. वेष्टनाचा आकार नेहमी मालच ठरवतो असं नाही.)

डाळीचा शत्रू ओल नव्हे, किडा. आणि इथे पाऊचवाल्याच्या हाती फारसं काही नसतं. अंडी डाळीसोबत आत गेली असतील, तर पाऊच म्हणजे किड्याला बांधून दिलेलं पक्कं घर. अख्ख्या कडधान्यावर अंडी घालणारा भुंगा भरडलेल्या डाळीकडे फारसा फिरकत नाही. आपल्या आज्यांनी तूर वर्षाची म्हणून भरडून ठेवली त्यामागे हेही शहाणपण होतं. बाकी किड्यांसाठी वैशाखाचं ऊन आहेच. भरण्यापूर्वी डाळ खणखणीत तापवून, पूर्ण निववून मगच बंद करावी. गरम डाळ बंद केली की रात्री पाऊचच्या आत दव धरतं आणि एवढ्या उन्हावर पाणी पडतं, अक्षरशः.

किडा मारायचा दुसरा मार्ग म्हणजे त्याचा श्वास कोंडणं. आपल्याकडे जमिनीत धान्य साठवायची पेवं होती. तोंड लिंपून बंद केलं की आतलं धान्य आणि किडे मिळून प्राणवायू संपवत आणि किडे मरत. पेव उघडल्या उघडल्या आत उतरायचं नाही, हा दंडक त्यासाठीच. उतरणारी माणसंही गुदमरली आहेत. नेमकं हेच तत्त्व घेऊन 1980 च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी आफ्रिकेत, कॅमेरूनमध्ये, चवळी साठवण्यासाठी तीन थरांची पिशवी बनवली: आत पॉलिथीनच्या दोन जाड पिशव्या, बाहेर विणलेलं पोतं. ना औषध, ना धुरी. चवळी-तुरीची बियाणं राखणाऱ्या गटांनी ती जरूर पाहावी. किलोच्या किरकोळ पाऊचला मात्र एवढा थाट नको. पारदर्शक, जाड पॉली चालते. डाळ दिसली पाहिजे हा हट्ट इथे रास्त आहे, कारण डाळीची प्रत डोळ्यांनीच कळते आणि उजेडाने ती मिरचीसारखी मरत नाही.

आता वासाच्या मंडळींकडे. सातपुड्याच्या पायथ्याला अंजनगाव सुर्जी, अकोट, तेल्हारा या पट्ट्यात पानपिंपळीचे मळे आहेत. पानमळे राखणाऱ्या बारी समाजाने ही वेल इथे पिढ्यान् पिढ्या सांभाळली. सुंठ, मिरी आणि पिंपळी मिळून आयुर्वेदातलं त्रिकटू होतं, त्यातली ही तिसरी. वाळलेली पिंपळी बोटभरही नसते, काळपट, खरबरीत, तुतीच्या फळासारखी दाणेदार. तिच्या त्या खाचाखाचांत ओल जाऊन बसते, म्हणून बुरशी तिला पटकन धरते. आणि तिचा उग्र वास साध्या पॉलिथीनमधून सहज बाहेर पडतो. नुसत्या पॉलिथीनमध्ये बांधलेली पिंपळी आठवडाभर पोह्यांच्या डब्याशेजारी ठेवून पाहा, चिवड्याला औषधी गुण येतील. वास बाहेर जाणं म्हणजे माल बाहेर जाणं. ज्या तेलांसाठी गिऱ्हाईक पैसे मोजतं तीच तेलं हवेत चाललेली असतात. तेव्हा इथे पेट-मेटपेट हवंच.

काळ्या मसाल्यात सगळीच दुखणी एकत्र येतात. खोबरं, तीळ, खसखस यांचं तेल प्राणवायूने खवट होतं. लवंग-दालचिनीचा वास उडायला बघतो. मिरचीला उजेड नको. शिवाय मसाल्यातली तेलं पाऊचवरच हल्ला करतात. थरांना जोडणाऱ्या गोंदात ती हळूहळू मुरतात आणि दोन महिन्यांनी पाऊचचे पापुद्रे सुटू लागतात, आंब्याच्या जुन्या सालीसारखे. पाऊचवाल्याला म्हणून आधीच सांगायचं, की आत तेलकट मसाला जाणार आहे. गोंद त्याप्रमाणे निवडता येतो. आणि कांडपातून आलेला मसाला हाताला कोमट लागतोय तोवर भरायचा नाही. कागदावर, पंख्याशिवाय, पूर्ण निवेपर्यंत थांबायचं. घाईच्या दिवसांत नेमकं हेच होत नाही.

हे सगळं साधलं तरी पाऊच फसतो, तो सीलपाशी. त्या गटात दुसऱ्या उन्हाळ्यात मी एक बादली मागवली. बायका हसल्या. भरलेला, चिकटवलेला पाऊच पाण्यात पूर्ण बुडवला आणि दोन्ही तळव्यांनी हलके दाबत राहिलो. पहिले तीन चांगले निघाले. चौथ्याच्या वरच्या कडेतून मोहरीएवढा बुडबुडा सुटला, थांबला, मग पुन्हा त्याच जागेतून दुसरा. कोरडा करून ती जागा उजेडाकडे धरली, तर चिकटपट्टीत लाल रेघ दिसत होती. मिरचीचे कण. पूड भरताना जी धूळ उडते ती नेमकी तोंडाच्या आतल्या पट्टीवर बसते, आणि प्लॅस्टिकला प्लॅस्टिक न चिकटता मिरचीला मिरची चिकटते. त्या दिवशी बारा पाऊच बुडवले, तीन गळके. उपाय स्वयंपाकघरातलाच निघाला: लांब दांड्याचं नरसाळं, जे तोंडाच्या पट्टीखाली उतरतं, आणि सील करण्याआधी कोरड्या फडक्याने आतून एक हात. यंत्राची उष्णताही बघावी लागते. कमी पडली तर ओढल्याबरोबर सुटतं, जास्त झाली तर कड करपून तडकते. आता भरणी चालू असेतो बादली तिथेच असते. दर शंभरातले पाच बुडतात.

मापाचं एक सांगून टाकतो. 100 ग्रॅमचा पाऊच अशी काही वस्तू नसते. 100 ग्रॅम मीठ जिथे मावतं तिथे 100 ग्रॅम मिरचीपूड मावत नाही, आणि ताजी कांडलेली पूड फुगलेली असते, दोन दिवसांनी गाडीत हादरे खाऊन खाली बसते. मग गिऱ्हाइकाला अर्धा रिकामा पाऊच मिळतो आणि वजन बरोबर असूनही आपण चोर ठरतो. आपलाच माल आपटून-बसवून भरून, मग माप द्यावं.

छपाईत पैसे जातात. मोठी छपाई सिलिंडरवर होते, रंगागणिक एक सिलिंडर, त्यामुळे सुरुवातीचा खर्च मोठा आणि पाऊच हजारोंनी घ्यावे लागतात. डिजिटल छपाईला सिलिंडर लागत नाही, शे-पाचशे पाऊचही होतात, नगाला दर चढा. माझं मत विचाराल तर नव्या गटाने पहिलं वर्ष कोऱ्या मेटपेट पाऊचवर चांगलं स्टिकर लावून काढावं. चित्र, नाव, वजन, सगळंच वर्षभरात दोनदा बदलतं. आणि सिलिंडरवर किंमत कधीही कोरू नये. मिरचीचा भाव ज्याने पाहिला आहे, त्याला कारण सांगायला नको. बॅच, तारीख आणि किंमत यांसाठी कोरी पांढरी जागा सोडावी, आणि तीही शाई धरणारी. गुळगुळीत चकचकीत भागावर मारलेला शिक्का अंगठ्याने पुसला जातो.

पाऊचच्या मागच्या बाजूला काय हवं याची यादी कायद्याने ठरवलेली आहे: घटक, निव्वळ वजन, सर्व करांसह कमाल किंमत, ग्रॅम-किलोमागे किती पडते तो दर, तयार केल्याची तारीख, कधीपर्यंत उत्तम, बनवणाऱ्याचा पत्ता, तक्रारीचा नंबर, चौदा अंकी अन्न परवाना आणि हिरव्या चौकटीतला हिरवा ठिपका. वर्तमानपत्रात अन्न बांधायला 2018 च्या वेष्टन नियमावलीने मनाई केली, 1 जुलै 2019 पासून ती लागू आहे. चौकातल्या गाड्यांपर्यंत हे वृत्त पोचायचं आहे. वृत्तपत्र मात्र रोज पोचतं.

एक गोष्ट टोचत राहते. जो पाऊच माल सगळ्यात चांगला राखतो, तोच सगळ्यात वाईट कचरा होतो. पेट, ॲल्युमिनियम, पॉली एकमेकांना कायमचे चिकटवलेले. भंगारवाला हात लावत नाही. साधी पन्नी तरी तो तोलून घेतो. सगळे थर पॉलिथीनचेच ठेवून वाफ अडवणारे पाऊच आता निघाले आहेत, त्यांचा पुनर्वापर होऊ शकतो, पण लहान गटाच्या हाती ते स्वस्तात येईपर्यंत वेळ आहे. तोवर निदान अर्ध्या किलोच्या मालासाठी शंभराचे पाच पाऊच विकू नयेत, एवढं हातात आहे.

राहिली झिप. सगळ्यांना हवी असते, नगामागे पैसे वाढवते, आणि अमरावतीतल्या दहा घरांत मी विचारलं, तर नऊ घरांत पाऊच आणल्या दिवशीच कापून मिरची स्टीलच्या डब्यात जाते. झिप उघडायच्या आधीच तिचं काम संपतं. इथल्या गिऱ्हाइकासाठी पाऊच दुकानापासून डब्यापर्यंतचा सोबती आहे, बस. पण शिकायला पुण्याला, हैदराबादला गेलेल्या पोरांच्या खोलीत डबाच नसतो. तिथे पाऊच हाच डबा, म्हणून त्यांच्यासाठी झिप खरी गरजेची. गटाने आता दोन प्रकार ठेवले आहेत, गावात विकायला बिनझिपचा, बाहेर पाठवायला झिपचा.

परवा बडनेऱ्याच्या फलाटावर अध्यक्षबाई भेटल्या. मुलगा पुण्याला निघाला होता. बॅगेत गटाचाच मसाला, तीन थरांचा, झिपवाला, बादलीत बुडवून पारखलेला. त्यांनी तो बाहेर काढला, पिशवीतून एक साधी पांढरी पन्नी घेतली, पाऊच तिच्यात घालून दोन वेढे दिले आणि वरून रबर लावलं. मी बघतोय हे त्यांच्या लक्षात आलं. "राहू द्या न भाऊ," त्या म्हणाल्या, "लेकराचे कपडे हायेत त्याच्यात."